लेकराला गप्प बसवायला मोबाईल द्यायचा का?

राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी सव्वादोन वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. आम्ही दोघंही वावरात जातो, घरी सासूबाई असतात. मुलगी मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही. रंग, एबीसीडी सगळं इंग्रजीत म्हणते, पण स्वतःहून फारसं बोलत नाही. मुलगा कॉन्व्हेंटला जातो, त्याचा अभ्यासच व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. कोणी म्हणतं मोबाईल घरातूनच काढा, कोणी म्हणतं आजच्या जमान्यात लेकरू मागे पडेल. नेमकं काय करावं?"

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझी बहुतेक प्रॅक्टिस यवतमाळ-वर्ध्याकडच्या तालुक्याच्या गावांतच झाली. आधी सरळ उत्तर देते, कारणं नंतर. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत लेकराला मोबाईल, टीव्ही, टॅब काहीच दाखवायचं नाही. बाप कामाला पुण्याला किंवा सुरतला असेल, मामा नागपूरला असेल, तर त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला हरकत नाही. दोन ते पाच वर्षांच्या लेकराला दिवसभराचा मिळून जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. जेवताना आणि झोपायच्या आधीचा तासभर कोणत्याच वयात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातली वेळेची मर्यादा हीच आहे. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही तीच. म्हणजे तुमची मुलगी आत्ता कुठे त्या एका तासाच्या वयात आली आहे.

पण तास-मिनिटं सांगून माझं काम होत नाही. घड्याळ लावून मोबाईल देणारं घर आमच्या भागात मला क्वचितच दिसतं. मी आईला विचारते, मोबाईल कधी देता आणि कशासाठी देता? उत्तरं बहुतेक सारखी येतात. "रडू रायला म्हणून देल्ला." "सैपाक कराचा होता." "बुढीच्यानं त्याच्या मागं पळणं होत नाही." माझं ठाम मत असं की लेकराला गप्प बसवायला दिलेला मोबाईल सगळ्यात जास्त नुकसान करतो. बैलाचा तोच व्हिडिओ आजीच्या मांडीवर बसून, "हा पाय बैल, आपल्या सर्ज्यावानी" असं ऐकत पाहिला तर लेकरू त्यातून काहीतरी घेतं. एकटं पाहिलं तर फक्त शांत बसतं. वय जितकं लहान, तितका हा फरक मोठा.

आता घरची अडचण. दिवाळीच्या आसपास कापसाच्या वेचणीला जोर आला की बाई सकाळी निघते ती संध्याकाळीच परत येते. वेचणीची मजुरी किलोवर असते, लेकरासाठी मधे तासभर बसलं तर तेवढे पैसे गेले. लेकरू वावरात न्यावं तर तिथं विहीर, साप, औषधाचे डबे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यातले किती शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यापेक्षा लेकरू घरी आजीजवळ राहिलं, मोबाईलमुळे अंगणाबाहेर गेलं नाही, तर आईला तेवढाच जिवाला घोर कमी. ही तिची भावना खोटी नाही. शहरात बसून लिहिलेले सल्ले आईला आळशी ठरवतात तेव्हा मला राग येतो. मोबाईल काढून घेतला तर त्या वेळेला लेकराजवळ कोण बसणार, हे घरानं ठरवायचं आहे, आणि घर म्हणताना मी बापाला धरून बोलते आहे.

जेवणाचं आधी घेते. सोडवायला तेच सगळ्यात सोपं आणि फरकही तिथेच लवकर दिसतो.

वजन वाढत नाही म्हणून आई लेकराला घेऊन येते तेव्हा मी तिला कधीकधी तिथेच डबा उघडून भरवायला सांगते. ती आधी मोबाईल काढते, औषधाच्या खोक्याला टेकवून उभा करते, मग वरण-भाताचा घास कालवते. लेकराची नजर पडद्यावरून हलत नाही. घास ओठाला लागला की तोंड उघडतं. दोनदा चावलं की जबडा थांबतो आणि घास गालात तसाच राहतो. आई हनुवटीला बोट लावते, मग पुन्हा दोनदा चावणं. पूर्ण जेवणात त्यानं घासाकडे एकदाही पाहिलेलं नसतं. भात आहे की पोळी, गरम आहे की गार, पोट भरलं की नाही, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचतच नाही. भूक लागली की मागणं आणि पोट भरलं की तोंड फिरवणं ही समज लेकराला उपजत असते. रोज अशा रीतीनं भरवलं की ती समज मंदावते. मग काही लेकरं गरजेपेक्षा जास्त खातात, आणि काहींचं एक-एक जेवण तासभर चालूनही अंगाला लागत नाही. गालात घास धरून हसायला-रडायला लागलं की ठसका लागतो तो वेगळाच. शिवाय हिशेब करून बघा. "मी फक्त जेवतानाच देते" असं सांगणाऱ्या आईचं लेकरू तीन वेळच्या जेवणात अडीच-तीन तास पडदा पाहून घेतं.

उपाय असा. घरचे जेवायला बसतात तेव्हाच तिलाही जमिनीवर बसवा, तिची वेगळी लहान ताटली द्या, हातानं खाऊ द्या, सांडू द्या. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचला, मागे लागू नका. दोन जेवणांच्या मधे बिस्किटाचा पुडा, कुरकुरे आणि चहा बंद, दुधाची बाटली असेल तर तीही बंद. पहिले तीन-चार दिवस ती कमी खाईल. धडधाकट लेकरू तेवढ्यानं आजारी पडत नाही. मात्र अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदीत लेकरू तीव्र कुपोषित असेल, किंवा नुकतंच आजारातून उठलं असेल, तर हे आपल्या मनानं करू नका. अंगणवाडीताई आणि डॉक्टर यांना विचारून, वजन बघत बघत करा.

तुमच्या प्रश्नातली मला काळजी वाटली ती ओळ मात्र दुसरी आहे. रंग आणि एबीसीडी म्हणते, पण स्वतःहून बोलत नाही.

अशी लेकरं आता फार येतात. आई कौतुकानं सांगते, "डॉक्टर मॅडम, इंग्लिशमध्ये टेनपर्यंत मोजते." लेकरू मोजतंही, अगदी व्हिडिओतल्या बाईच्या सुरात. मी मागून नावानं हाक मारते, ते वळत नाही. मी मोबाईल बाजूला ठेवून समोर स्टीलची वाटी आणि चमचा ठेवते, एकदा वाजवून दाखवते आणि थांबते. बोलायच्या वाटेवर असलेलं लेकरू आधी वाटीकडे बघतं, मग माझ्या तोंडाकडे, मग आईकडे, आणि चमचा उचलतं. ही जी नजर वस्तूवरून माणसाकडे जाते आणि परत येते, ती मला टेनपर्यंतच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. तहान लागली की "पानी" म्हणून पाण्याच्या गुंडाकडे बोट दाखवणं, वरून विमान गेलं की बोटानं दाखवून आई बघते आहे ना याची खात्री करणं, यातून भाषा येते. व्हिडिओतली बाई लेकराच्या बोटाकडे बघत नाही. लेकरू काय म्हणालं ते ऐकून त्याला उत्तर देत नाही.

यावर अमेरिकेत सिअ‍ॅटलला पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळणी दाखवत आणि पुस्तक वाचत बोलली. काही बाळांना त्याच माणसांच्या तशाच बैठका टीव्हीवर दाखवल्या. प्रत्यक्ष भेटलेल्या बाळांना त्या भाषेतले खास आवाज ओळखता येऊ लागले. टीव्हीवाल्या बाळांना त्यातलं काहीच आलं नाही. बोलणारी माणसं तीच होती आणि भाषाही तीच, फक्त समोर कोणी नव्हतं.

म्हणून 'मोबाईल पाहून लेकरू हुशार होते' या समजुतीवर मुलीला सोपवू नका. तुमच्या घरात वऱ्हाडी बोलतात ना, मग वऱ्हाडीच बोला. तांड्यावरच्या आईनं बंजारा बोलावं, कोलामांच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) आईनं कोलामी. कार्टूनमधली हिंदी वाक्यं तोंडपाठ असलेलं पण आजीला काय हवं ते सांगता न येणारं लेकरू पुढं शाळेतही अडतं. ज्याची घरची बोली पक्की असते ते मराठी आणि इंग्रजी दोन्ही नंतर उचलतं.

बोलण्याच्या बाबतीत काही खुणा मात्र प्रत्येक आईला माहीत असायला हव्यात. वर्षाचं होईपर्यंत लेकरानं बा-बा, दा-दा असे आवाज काढायला हवेत, बोटानं वस्तू दाखवायला हवी. १६ महिन्यांपर्यंत एखादा तरी अर्थाचा शब्द यायला हवा. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता यायला हवेत, "बाबा आले", "दूध दे" असे, पाठ केलेले नाही तर स्वतःच्या मनातले. आणि येत असलेले शब्द बंद पडले, लेकरू नजर चुकवायला लागलं, तर वय काहीही असो, वाट पाहायची नाही.

इथे मला जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण याच जागी लेकरांचं मोठं नुकसान होतं. आजकाल 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावानं व्हिडिओ फिरतात. मोबाईल बंद करा, तीन महिन्यांत लेकरू बोलेल, असं त्यात ठासून सांगतात. जास्त मोबाईलनं बोलणं मागं पडू शकतं, लेकरू माणसांत मिसळेनासं होतं आणि मोबाईल कमी करून घरच्यांनी बोलणं वाढवलं की सुधारतंही, हे खरं आहे. पण मोबाईलनं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. ऑटिझम मेंदूच्या घडणीतला वेगळेपणा आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. शिवाय न बोलणाऱ्या लेकराला कदाचित नीट ऐकूच येत नसेल. ऐकू कमी येणारं लेकरू मोबाईलला जास्त चिकटतं, कारण हलतं चित्र त्याला कळतं. मग घरचे म्हणतात मोबाईलमुळे बोलत नाही, शेजारी म्हणतात याचा बापही उशिराच बोलला होता, आणि यात वर्ष निघून जातं. पहिली तीन वर्षं भाषेसाठी फार महत्त्वाची असतात, त्यातलं एक असं गमावणं परवडत नाही. "दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येते" हेही खरं नाही. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज सुटू शकतात. सर्दी वारंवार होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी तसंच होतं.

तेव्हा बोलणं उशिरा असेल तर पहिली तपासणी कानाची. त्यासाठी खाजगीत पैसे घालवायलाच हवेत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि वाढीतला, बोलण्यातला उशीर पाहणं हे त्यांच्या कामातच आहे. पथकाची वाट न पाहता यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. लहान लेकराची कानाची तपासणी झोपेतही होते, त्याला काही सांगता यावं लागत नाही. मोबाईल कमी करणं त्याच दिवसापासून सुरू करा, पण तपासणी त्यासाठी अडवून ठेवू नका.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना "मोबाईल देऊ नका" एवढंच सांगितलं तर भांडण होईल, आणि त्यांची बाजूही बरोबर आहे. गुडघे दुखतात, लेकरू हाताला लागत नाही. आजीनं लेकराच्या मागं पळायची गरज नाही, लेकराला आपल्या कामात ओढायचं. तांदूळ निवडताना त्याच्यापुढे आलू-कांद्यांची टोपली ठेवायची, आलू इकडं, कांदे तिकडं. धुतलेल्या वाट्या एकात एक घालायला द्यायच्या. कणकेचा एक गोळा द्यायचा. उन्हाळ्यात सावलीत उथळ गंजात (पातेल्यात) पाणी आणि एक पेला दिला की अर्धा तास जातो, फक्त पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही. तुरीच्या शेंगा सोलायच्या दिवसांत लेकरू आजीजवळ बसतंच, पण तीन-चार वर्षांखालच्याच्या हाती दाणे देऊ नका. तूर, हरभरा, चिंचोका नाकात घातलेली लेकरं आमच्याकडे दर हंगामात येतात आणि शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनळीत अडकला तर जिवावर बेततं. त्याला रिकाम्या टरफलांचा ढीग करू द्या. महत्त्वाचं एवढंच की हे चालू असताना आजीनं बोलत राहायचं. "हा मोठा आलू, हा बारका, हा सडला, फेकून दे." भुलाबाईची गाणी बहुतेक आज्यांना येतात, ती म्हणायला भाद्रपदाची वाट पाहायची गरज नाही. तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी फळीवर धूळ खात ठेवू नका, तो वर्षभर खेळायला द्या.

वेचणीच्या दिवसांत मात्र हे एकट्या आजीवर टाकणं बरोबर नाही. रोजगार हमीच्या कायद्यात एक चांगली तरतूद होती. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर एका बाईला लेकरं सांभाळायचं काम द्यायचं आणि तिला मजुरीही द्यायची. कापसाच्या वावराला हा नियम लागू नव्हता, पण कल्पना उचलता येते. एका मोहल्ल्यातल्या सात-आठ बाया मिळून एकीनं लेकरं बघायची, बाकीच्यांनी आपल्या वेचणीतून तिला ठरलेली रक्कम द्यायची. बचत गटात हा विषय काढा. ज्या गावांत बायांनी हे जमवलं, तिथं लेकरं एकमेकांत खेळतात आणि मोबाईलची आठवण आपोआप कमी होते. मुलगी तीन वर्षांची झाली की तिला अंगणवाडीत पाठवाच. कॉन्व्हेंटच्या ओढीनं लोक अंगणवाडीला कमी लेखतात, ते मला पटत नाही. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी तिथं गाणी, गोष्टी, खेळ असतात आणि त्या वयाला तेच हवं. तुमच्या गावची अंगणवाडी नीट भरत नसेल तर ग्रामसभेत विचारा.

संध्याकाळी सात ते नऊ हा मोबाईलचा सगळ्यात वाईट वेळ. आई चुलीपुढं, लेकरं दिवसभराची कंटाळलेली, आणि बाप खाटेवर रील्स पाहतो आहे. लेकरानं मोबाईल मागितला तर त्याला नाही म्हणायचा अधिकार त्या वेळी कोणालाच उरत नाही. मी बापांना एवढंच सांगते, घरी आलात की तासभर मोबाईल फळीवर ठेवा, लेकरांना घेऊन बाहेर पडा. पारावर जाता तिथं त्यांना न्या, बकरीला पाला घालायला न्या. तेवढ्यात स्वयंपाक होतो. जेवण लवकर करा, आणि जेवल्यावर पडदा नको. एक-दोन वर्षांच्या लेकराला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहणारं लेकरू सकाळी चिडकं उठतं आणि त्या चिडचिडीवर पुन्हा मोबाईलच देतात.

सोडवताना रडारड होईल. पहिला आठवडा कठीण जातो, हे आधीच धरून चाला आणि वेचणीच्या ऐन धांदलीत सुरुवात करू नका. घरातल्या सगळ्यांचं एक मत असायला हवं. आईनं नाही म्हटलं आणि आबाजींनी हळूच दिला, तर लेकरू एवढंच शिकतं की अजून जोरात रडावं लागेल. धमकी देऊ नका, बुवाची भीती घालू नका, मोबाईल बिघडला असं खोटंही सांगू नका. "आता जेवायचं, मोबाईल नंतर" असं एकदा सांगा, जवळ घ्या, दुसरं काहीतरी हातात द्या. आधी जेवणातला बंद करा, तो जमला की झोपतानाचा, मग दिवसाचा. मोबाईल दिसणार नाही अशा जागी ठेवा, समोर चार्जिंगला लावून "हात लावू नको" म्हणणं लेकरासाठी छळ आहे. ज्या वेळी द्याल त्या वेळी यूट्यूबचं एकामागून एक आपोआप सुरू होणं बंद करा, किंवा एखादी गोष्ट आधी उतरवून घ्या आणि नेट बंद करून दाखवा. "ही गोष्ट संपली की ठेवायचा" हे लेकराला कळतं, "दहा मिनिटांनी" कळत नाही. गोष्ट संपली की त्यालाच नेऊन फळीवर ठेवायला सांगा.

मुलाचं वेगळं आहे. पाच वर्षांच्या मुलाचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो पालकांसाठी असतो, त्यानं मोबाईलमध्ये बघून करावा असं नाही. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, पण ती सवय शाळांनी पुढे तशीच चालू ठेवली. तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी मजकूर वाचावा, वहीत लिहून द्यावा आणि मोबाईल ठेवून द्यावा. कविता असेल तर तुम्ही म्हणा, त्यानं मागून म्हणावी. पालकसभेत चार जणांनी मिळून सांगितलं तर बाई गृहपाठ वहीतच देतात.

त्याच्या डोळ्यांकडेही लक्ष द्या. चादरीखाली, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मोबाईल धरून पाहणारी मुलं लवकर चष्म्याकडे जातात, आणि त्यावर सगळ्यात साधा उपाय घराबाहेर खेळणं हा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर खेळायला दिलं. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत शंभरात साधारण ४० मुलांना मायनस नंबर (लांबचं धूसर दिसणं) लागला होता आणि बाहेर खेळणाऱ्यांत ३०. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भर दुपारी कोणी बाहेर पाठवा म्हणणार नाही. पण सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाठवता येतं. दुपारी कूलरपुढं मोबाईल देऊन निजवायची जी सवय उन्हाळ्यात लागते, तीच पुढे वर्षभर पुरते. मुलगा डोळे बारीक करून पाहत असेल, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्या.

राहिला प्रश्न तुम्हाला कोणी म्हणालं त्याचा, की मोबाईल घरातूनच काढा. आपल्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदी केली होती. गावानं एकत्र बसून हा विषय घेतला याचं मला मनापासून कौतुक आहे. एका घरानं मोबाईल बंद केला आणि शेजारच्या ओट्यावर पाच पोरं मोबाईल घेऊन बसली असली की ते घर टिकत नाही. पण सव्वादोन वर्षांचं लेकरू ठरावानं चालत नाही. त्याला मोबाईल मोठ्यांच्या हातून मिळतो, तेव्हा नियम मोठ्यांसाठी हवा. आणि मोबाईल घरातून काढणं शक्यही नाही, पीक विम्यापासून बँकेपर्यंत सगळं त्यावर आहे.

मी स्वतः काही वेळा मोबाईल चालवून घेते. दम्याच्या लेकराला वाफ देताना ते मास्क ओढून काढत असेल, जखमेची पट्टी बदलायची असेल, तर दहा मिनिटं कार्टून लागलं म्हणून मी कोणाला बोलत नाही. ज्या लेकराला बोलता येत नाही, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं) आहे, त्याच्यासाठी चित्रावर बोट ठेवून "पाणी", "दुखतं" सांगणारं टॅबमधलं साधन म्हणजे बोलायचा मार्ग आहे, तो वाचा उपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं जरूर वापरावा. बाप परगावी असेल तर त्याचा व्हिडिओ कॉल रोज होऊ द्या, फक्त लेकराला मांडीवर घेऊन मधे बोलणारं कोणी असू द्या, नाहीतर लेकरू दोन मिनिटांत उठून जातं.

तर ताई, क्रम असा ठेवा. मुलीचे कान या महिन्यातच तपासून घ्या, सोबत माता-बाल संरक्षण कार्ड न्या. तिला कोणते शब्द स्वतःहून येतात ते एका कागदावर लिहून न्या, पाठ केलेले सोडून, "आई", "दे", "नाई" असले सगळे धरून. आजपासून तिच्या जेवणातला मोबाईल बंद करा, बाकीचा लगेच नाही जमला तरी चालेल. कान नीट असतील आणि घरातलं बोलणं वाढवूनही दोन महिन्यांत नवे शब्द येताना दिसले नाहीत, तर वाचा उपचारतज्ज्ञाकडे आणि बालरोगतज्ज्ञाकडे वाढीच्या पूर्ण तपासणीला न्या. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं लवकर निदान आणि उपचार केंद्र याच कामासाठी असतं, तिथली चिठ्ठी बाल स्वास्थ्य पथकाचे डॉक्टर देतात.